कौशल्य त्यांचे, कर्ज आमचे!

फेब्रुवारीचा पहिला रविवार जवळ आला की महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या इंडियन डर्बीचे वेध लागतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत जिंकलेल्या घोड्याशेजारी पिसांच्या टोप्या घातलेल्या बायकांचे फोटो झळकतात. कोणत्या बाईने कोणती टोपी घातली हे सगळ्या महाराष्ट्राला कळते. कोणत्या बाईचा किराण्याचा पैसा घोड्यावर लागला, हे मात्र कोणी छापत नाही. मैत्रिणींनो, त्या न छापलेल्या बातमीविषयी मला बोलायचे आहे.

मी डर्बी दोनदा पाहिली. पहिल्यांदा कॉलेजात असताना, मामांबरोबर. मामा गिरणी कामगार. गिरणी बंद पडली, पण रेसचा नाद सुटला नाही. स्वस्त तिकिटाच्या भागात रेसचे पुस्तक आणि पेन्सिल घेतलेल्या पुरुषांची ही गर्दी होती! घोड्याचे वजन, जॉकी, मागच्या धावा, सगळे मामांना तोंडपाठ. पुस्तकात प्रत्येक घोड्याच्या बापाबरोबर आईचेही नाव छापलेले असते, हे मी तिथे पाहिले. 2400 मीटरची शर्यत अडीच मिनिटांत संपली. खाली फाटलेल्या तिकिटांचा खच पडला आणि एक बाई तो झाडू लागली. मामी तेव्हा पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटत होती. रविवारी तिथे जास्त काम असे. मामांच्या खिशातले पैसे त्याच पोळ्यांचे होते.

दुसऱ्यांदा गेले ती समाजकार्याचे शिक्षण संपवून वस्तीत काम करू लागल्यावर. वस्तीतल्या एका बाईने हट्टच धरला होता, “ताई, माझा पैसा जातो कुठं ते एकदा बघू तर दे.” तिने स्टँड पाहिला, सूटबूट पाहिले, पैसे लावणाऱ्यांच्या रांगा पाहिल्या. मग विचारले, “हे पोलीस धरायला आलेत का?” मी म्हटले, नाही, बंदोबस्ताला. ती म्हणाली, “मग आमच्या गल्लीत आकडा लावणाऱ्याला का धरून नेतात?”

या प्रश्नाला कायद्याकडे उत्तर आहे. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने मटका गुन्हा ठरतो. त्याच कायद्यात परवानाधारक रेसकोर्सवरच्या पैजेला मात्र सवलत आहे. त्या परवान्यासाठी 1912 चा वेगळा कायदा आहे. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. घोड्याचे कुळ, चाल, जॉकी यांचा अभ्यास लागतो, म्हणून तो जुगार नव्हे! मामांकडे हे कौशल्य भरपूर होते. मामीच्या पाटल्या त्या कौशल्यापायीच सावकाराकडे गेल्या. पैसा कौशल्याने हरला की नशिबाने, याने बाईच्या डब्यातल्या तांदळात कोणता फरक पडतो?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणली. तो कायदा म्हणतो, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून तो चालवता येणार नाही. म्हणजे कुटुंबे उद्ध्वस्त होतात हे सरकारला कळते. मग रेसकोर्सच्या कुंपणाशी ही समज का थांबते? सप्टेंबर 2025 पासून शर्यतीवरच्या पैजेला 40 टक्के जीएसटी लागतो. सरकारही त्या पैशात वाटेकरी आहे, हे विसरून चालणार नाही.

रेसकोर्सची जमीन सार्वजनिक. भाडेपट्टा 2013 मध्ये संपला आणि पुढे दहा वर्षे वाद चालला. 2024 मध्ये 120 एकर उद्यानासाठी आणि 91 एकर क्लबकडे असे ठरले. उद्यान की घोडे, एवढीच चर्चा झाली. तिथे हरलेल्या पैशाची किंमत कोणते घर मोजते, हा प्रश्न त्या चर्चेत कुठे होता?

काहीजण म्हणतात, मोतद्दारांचा रोजगार जाईल. मोतद्दारांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण एकाच्या चुलीसाठी दुसरीची चूल विझवावी, हा कुठला न्याय? काही कार्यकर्त्या म्हणतात, बंदीने बुकींचेच फावते. हे मला पटते, म्हणूनच मी नुसती बंदी मागत नाही. प्रश्न नीतीचा नाही, हक्काचा आहे. घरात येणाऱ्या पैशावर बाईचा हक्क आहे की नाही?

दारूच्या प्रश्नावर आपण उभी बाटली-आडवी बाटलीचे मतदान घडवून आणले. जुगाराबाबत मात्र आपण गप्प आहोत. सल्ला केंद्रात आलेल्या बाईला आपण विचारतो, “नवरा पितो का?” “पैसे लावतो का?” असे किती जणी विचारतो? बचत गटाचे, मायक्रोफायनान्सचे कर्ज बाईच्या नावावर निघते. पैज पुरुष लावतो, हप्ता बाई भरते आणि वसुलीवाला तिच्याच दारात उभा राहतो.

तेव्हा कामाला लागू या. सल्ला केंद्राच्या प्रत्येक अर्जात जुगार, गहाण दागिने आणि बाईच्या नावावरचे कर्ज यांची नोंद करू. घरखर्चाचा पैसा अडवणे, स्त्रीधन परस्पर विकणे हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार आर्थिक छळ आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करताना हे स्पष्ट लिहू. पैजेवरच्या करातला ठरावीक वाटा निवारागृहे आणि कर्जात बुडालेल्या बायकांच्या मदतीसाठी राखून ठेवा, अशी मागणी सरकारकडे करू. आणि पुढच्या डर्बीपूर्वी आपापल्या वस्तीतल्या नोंदी एकत्र करून वर्तमानपत्रांकडे नेऊ. टोप्यांना जागा देतात, तशी या हिशेबालाही त्यांना द्यावी लागेल!