टाकोचे पैसे टॉर्टियाला मोजा

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या किंवा मेक्सिको फिरायला निघालेल्या मराठी मंडळींना हल्ली एक आमंत्रण हमखास मिळतं: आज जरा भारीतल्या टाकोच्या हॉटेलात जेवू या. मंद दिवे, काळ्या दगडी ताटल्या, दोन घासांत संपणारा टाको आणि बिल पाहून मनातल्या मनात सुरू होणारा रुपयांचा हिशेब. जाऊ नका असं मी सांगणार नाही. जरूर जा, ते जेवण खरोखर फार सुंदर असू शकतं. पण पैसे नेमके कशाला मोजायचे हे ठरवूनच जा.

पैसे मोजायचे ते टॉर्टियाला, म्हणजे त्या मक्याच्या रोटीला. आत काय भरलंय, वर कुठली चटणी घातलीय हे नंतर बघा.

असं सांगण्याचं कारण त्या रोटीमागच्या कष्टात आहे. मक्याचे वाळलेले दाणे पाण्यात थोडा चुना घालून शिजवतात आणि त्याच पाण्यात रात्रभर भिजू देतात. चुना म्हणजे आपण पानाला लावतो तसाच विझवलेला, खाण्याचा चुना. सकाळपर्यंत दाण्यांची सालं सुटतात. ती धुऊन काढायची आणि दाणे ओलेच दगडी जात्यात दळायचे. या दाण्यांना निश्तमाल म्हणतात आणि दळून जो गोळा मिळतो तो मासा. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, ते दाबून पातळ करता येतं. शिवाय मक्यातलं नायसिन अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. त्यामुळे उत्तर इटलीत, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात, मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या रोगाने, गाठलं. मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं रोज पहाटे जे करत आल्या, त्यात किती शहाणपण होतं ते यावरून कळतं. युनेस्कोने 2010 मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं, तेव्हा निश्तमालाचा उल्लेख आवर्जून केला.

आता अडचण अशी, की ताजा मासा टिकत नाही. रोज रात्री भिजवा, रोज सकाळी दळा. म्हणून असंख्य ठिकाणी कोरडं तयार पीठ आणतात आणि पाणी घालून मळतात. घरी, किंवा घाईत स्वस्तात खाताना, त्यात काही वावगं नाही. पण एका टाकोला आठ-दहा डॉलर घेणाऱ्या हॉटेलाने तयार पीठ वापरावं आणि वर महागडा झिंगा ठेवावा, हे मला मान्य नाही. तुम्हीही मान्य करू नका.

म्हणून ऑर्डर देण्याआधी संकोच न करता दोन प्रश्न विचारा. मासा इथेच दळता का? मका कुठला आहे? जिथे काम मनापासून चालतं तिथला वाढपी हे प्रश्न ऐकून खुलतो. मका वाहाकाचा की त्लास्कालाचा, निळा की पिवळा, सगळं सांगतो. उत्तर गोलमोल आलं तर दोनच टाको मागवा आणि उठा. जमलं तर आधी एक नुसती टॉर्टिया मागून मिठाच्या चिमटीबरोबर खा. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी ओळखणाऱ्या माणसाला इथे काही शिकवावं लागत नाही: वाफेला धान्याचा वास हवा, पापुद्रा सुटलेला हवा, दुमडल्यावर ती चिरता कामा नये. हे सगळं जुळलं, की मग खुशाल खर्च करा.

मेक्सिको सिटीतलं 'पुहोल' या बाबतीत मला आदर्श वाटतं. एनरिके ओल्वेरा यांनी ते 2000 मध्ये सुरू केलं. 2017 मध्ये ते नव्या जागेत आलं आणि तिथे टाकोंसाठी वेगळा बार ठेवला, जिथे एकामागून एक टाको समोर येत राहतात. मिशेलिन गाइड मेक्सिकोत पहिल्यांदा 2024 मध्ये आलं, तेव्हा 'पुहोल' आणि 'किंतोनिल' या दोघांनाच दोन-दोन तारे मिळाले. 'पुहोल'चा सगळ्यात गाजलेला पदार्थ कुठला, तर मोले. मिरच्या, मसाले, बिया, फळं घालून केलेला दाट रस. जुना मोले रोज गरम करतात, त्यात नव्याची भर घालतात, असे हजाराहून जास्त दिवस तो मुरलेला असतो. ताटलीत बाहेर जुन्या मोलेचं काळपट वर्तुळ, मधोमध नवा तांबूस मोले, आणि सोबत गरम टॉर्टिया. मांसाचा तुकडा नाही, वर सजावट नाही. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या हॉटेलांपैकी एक आपला मानाचा पदार्थ म्हणून रस आणि रोटी वाढतं, यातच त्यांची श्रद्धा दिसते.

2024 मध्येच मेक्सिको सिटीच्या सान राफाएल भागातल्या 'एल कालिफा दे लेओन' या टाकोच्या गाळ्यालाही एक तारा मिळाला. 1968 पासूनचा हा गाळा. बसायला जागा नाही, उभ्यानेच खायचं, आणि यादीत मोजून चार टाको. पातळ कापलेलं गोमांस, मीठ, लिंबू आणि समोर दाबून भाजलेली टॉर्टिया, एवढाच तिथल्या 'गाओनेरा'चा मामला. तेव्हा महागडं हॉटेल निवडलं म्हणून रस्त्यावरच्या टाकोला कमी लेखू नका. जमलं तर एकाच मुक्कामात दोन्हीकडे खा. भारी हॉटेलाचे शेफ चवी शिकले त्या अशाच गाळ्यांवर.

मक्याच्या चौकशीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मका जगाला मेक्सिकोने दिला. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी तो रानगवतापासून घडवला. आजही पांढरा, निळा, लाल, जांभळा असे देशी वाण लहान शेतकरी कुटुंबं बी राखून पिकवतात. 1994 मध्ये उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि अमेरिकेतून स्वस्त मक्याची रीघ लागली. डोंगरातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या भावाशी टक्कर देणं शक्य नव्हतं. अनेकांनी गाव सोडलं. देशी वाणाला चढा भाव देणारं गिऱ्हाईक आज जे काही आहे, त्यात ही चांगली हॉटेलं आहेत. तुम्ही मक्याचं गाव विचारता, तेव्हा मालकाला कळतं की गिऱ्हाईकाला याची किंमत आहे. कापसाचा आणि कांद्याचा भाव पडल्यावर काय होतं हे पाहिलेल्या आपल्या माणसांनी तरी हा प्रश्न विचारायलाच हवा.

शाकाहारी मंडळींनी जास्त सावध राहावं. मक्याच्या टॉर्टियात बहुधा मका, चुना आणि पाणी एवढंच असतं, पण घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, मोलेतही तेच पाणी पडतं. 'कार्ने नको' एवढं सांगून भागत नाही, कारण तिकडे कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांच्या मनात गाय-डुकराचं मांस येतं, कोंबडी त्यात धरत नाहीत. कोंबडी, मासे, चरबी, एकेकाचं नाव घेऊन नको म्हणा. गोमांस टाळणाऱ्यांनी 'रेस' हा शब्द ध्यानात ठेवावा, डुकराचं टाळणाऱ्यांनी 'सेर्दो' किंवा 'पुएर्को'. आणि मग मनसोक्त मागवावं असं पुष्कळ आहे: भोपळ्याची फुलं, निवडुंगाची कोवळी पानं, साय घातलेल्या भाजक्या मिरचीच्या पट्ट्या, आणि कणसावर वाढणारी काळी बुरशी, विटलाकोचे. नाव ऐकून नाक मुरडू नका. तिची चव मातकट, मश्रूमसारखी आणि फार छान असते.

टाको हातानेच खा, समोर आल्याबरोबर खा. फोटो काढण्यात मिनिटं गेली की टॉर्टिया चिवट होते आणि रात्रभराचं काम वाया जातं. म्हणून एका वेळी दोनच मागवा. मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर तिकडूनच आली, पण ठेच्याच्या सवयीवर विसंबून आबानेरो या जहाल मिरचीची चटणी चमचाभर ओतू नका. आधी थेंबभर चाखा.

टिप मेक्सिकोत दहा ते पंधरा टक्के ठेवायची रीत आहे, अमेरिकेत अठरा ते वीस. ती धरूनच बजेट करा. वाढणाऱ्याच्या पैशात काटकसर नको. नावाजलेल्या ठिकाणी टेबल आठवडे आधी राखावं लागतं. ते मिळालं नाही तर मन खट्टू करू नका. ज्या वस्तीत रोज मका दळणारी टॉर्टियाची गिरणी असेल तिथे सकाळी जा, कागदात गुंडाळलेल्या गरम टॉर्टिया वजनावर घ्या, शेजारच्या बाजारातून पिकलेला अ‍ॅव्होकॅडो, लिंबू आणि मीठ घ्या, आणि बाकावर बसून खा.