एका पडद्यातून दुसऱ्या पडद्यात

आम्ही उद्याच्या शिक्षिका आहोत. आज डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या छात्राध्यापिका आहोत. रात्री पाठ टाचण लिहितो, सकाळी फळ्यावर तारीख घालतो आणि मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांकडे चोरून पाहतो. आमच्यापैकी कुणाचे अब्बू भोसरी एमआयडीसीत लेथवर उभे राहिले, कुणाचे चाकणला ठेकेदाराच्या हाताखाली लागले, कुणाच्या घरी भंगाराचा काटा होता. आमच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेल्या पहिल्या मुली आम्हीच. पुढे टीईटी आहे, अभियोग्यता चाचणी आहे, पवित्र पोर्टल आहे. नोकरी लागेल तेव्हा लागेल. लागल्यावर मात्र सेवाशर्ती येतील आणि जिभेला कुलूप बसेल. म्हणून जे बोलायचे ते आताच बोलून घेत आहोत.

आंतरवासितेसाठी आम्हाला या पट्ट्यातली एक शाळा मिळाली होती. सातवीपर्यंतचे वर्ग. सातवीत एक मुलगी होती. हुशार, गणितात तर आम्हालाच अडवायची. दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. आम्ही घरी गेलो. तिचे अब्बू रात्रपाळी करून नुकतेच आले होते. आदराने बसवले, चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, आता शाळेत जाऊनच शिकायला पाहिजे असं कुठं राहिलंय? सगळं मोबाईलवर आहे. हायस्कूल लांब पडतं, दोन बस बदलाव्या लागतात. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरू. पोरगी घरात राहील आणि शिक्षणही होईल."

आम्ही गप्प बसलो. त्या गृहस्थांचा राग आला म्हणून नव्हे. आदल्याच आठवड्यात आमच्या वर्गात हेच, फक्त जड शब्दांत, शिकवले गेले होते म्हणून. कुठेही शिक्षण, केव्हाही शिक्षण. शाळेच्या चार भिंतींना पर्याय. शिक्षक हा आता शिक्षक नव्हे, सुलभक. आम्ही ते वहीत उतरवून घेतले होते, परीक्षेला येणार म्हणून. रात्रपाळी करून आलेल्या त्या बापाने त्याच वाक्यांचा आमच्या समाजात काय अर्थ होतो, ते आम्हाला एका चहात समजावून सांगितले. ज्या मुलीला कालपर्यंत पडद्याच्या नावाखाली घरी बसवले जात होते, तिला आता दुसऱ्या पडद्यासमोर घरीच बसवले जाणार. पहिला पडदा कापडाचा होता, हा काचेचा आहे. पहिल्याला निदान लोक मागासलेपण म्हणत. दुसऱ्याला प्रगती म्हणतात.

आमचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते स्पष्ट शब्दांत सांगतो. जे तंत्रज्ञान आणि जी पर्यायी शाळा मुलाला घराबाहेर काढत नाही, दुसऱ्या मुलांच्या शेजारी बसवत नाही आणि शिक्षकाच्या नजरेखाली आणत नाही, ती शाळेला पर्याय नाही. तो शाळा नाकारण्याचा नवा बहाणा आहे. आणि हा बहाणा सर्वांत आधी गरिबाच्या, त्यातही मुस्लिम गरिबाच्या मुलीवर वापरला जातो.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. यंत्राचे वैर करून या पट्ट्यात जगता येईल काय? १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे आकुर्डी, भोसरी, चिंचवड कारखान्यांनी भरून गेले आणि आता चाकणच्या माळावर जगभरच्या कंपन्यांच्या मोटारी तयार होतात. आमचे बाप, भाऊ, मामू याच यंत्रांवर पोसले. यंत्र काय करू शकते आणि त्याला चालवणारा माणूस नसेल तर काय होते, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा आली. आम्ही त्या वेळी स्वतः विद्यार्थिनी होतो. घरात मोबाईल एकच, तोही अब्बूंच्या खिशात. कंपनी पुन्हा सुरू झाली तेव्हा मोबाईल त्यांच्याबरोबर पाळीला जाऊ लागला. संध्याकाळी तो घरी आला की आधी भाईजानच्या हातात पडायचा, कारण त्याची दहावी. मग रिचार्ज उरले तर आमच्या. आमच्या वाट्याला भाकरी आणि धुणे आधी आले, धडा नंतर. तेव्हा कळले की मोबाईल घरातली उतरंड बदलत नाही. तो त्या उतरंडीत मुकाट्याने आपली जागा घेतो. शाळेत मात्र आम्ही भावाच्या बरोबरीने बाकावर बसत होतो. ती बरोबरी पडद्याने दिलेली नव्हती, शाळेच्या घंटेने दिलेली होती.

यंत्र शिक्षकाची जागा घेईल, हे स्वप्न काही नवे नाही. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसवला. मुले आपापली शिकतात, असे जगाला सांगितले गेले. २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत, प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याच्या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. पुढे बायजूज आले. जाहिरातींनी वर्तमानपत्रे आणि क्रिकेटपटूंच्या छात्या भरल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. मुले मात्र जिथे होती तिथेच आहेत आणि त्यांना अजून शिक्षकच हवा आहे.

याउलट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले घ्या. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी ते ओळखले गेले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पुरस्कार कोडला नव्हता, शिक्षकाला होता, एवढे आमच्या तज्ज्ञांनी ध्यानात घेतले तरी पुरे.

आता पर्यायी शाळेविषयी. हा शब्द आज बंगल्यांच्या वस्तीत राहायला गेला आहे. तिथे भरमसाट फी भरून मुलांना मातीची भांडी करायला शिकवतात. आमच्या वस्तीतला पोरगा आठवीनंतर गॅरेजमध्ये हात काळे करतो. त्याला कुणी पर्यायी शिक्षण म्हणत नाही. परंतु हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मुळात श्रीमंतांची नव्हे, आणि मुसलमानांना परकी तर मुळीच नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा करण्याची जबाबदारी ज्या समितीकडे गेली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. जामिया मिलिया सांभाळणारा हा माणूस पुढे देशाचा राष्ट्रपती झाला. त्या वेळी मुस्लिम लीगने वर्धा योजनेला कडाडून विरोध केला. आज आमच्या किती घरांत ठाऊक आहे की कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणणारा हा आराखडा एका मुसलमान शिक्षकाच्या अध्यक्षतेखाली तयार झाला?

एवढ्या लांबही जायला नको. चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून ते तिथे जाऊन राहिले. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुले तिथे वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, शेती करतात, आणि ते करता करता मोजमाप, हिशेब, विज्ञान शिकतात. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅबही आली. पाबळमधले वेल्डिंग आणि आमच्या वस्तीतल्या गॅरेजमधले वेल्डिंग यांत फरक कोणता? पाबळला मुलाने 'हे असे का?' म्हणून विचारले की शिक्षक थांबून उत्तर देतो. गॅरेजमध्ये तेच विचारले की उस्ताद पाना फेकून मारतो. फरक यंत्राचा नाही, प्रश्न ऐकून घेणाऱ्या माणसाचा आहे.

इथपर्यंत वाचून आमच्या समाजातले काही लोक माना डोलावतील. आता त्यांच्याचकडे वळतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की शाळकरी वयातली मुस्लिम मुले मदरशांत जाण्याचे प्रमाण तीन-चार टक्क्यांच्या पुढे नाही. म्हणजे आमच्या मागासलेपणाचे सारे खापर मदरशावर फोडणारे खोटे ठरले. पण त्याच अहवालाने असेही दाखवले की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली. पहिला आकडा आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. दुसरा सांगताना आमचा घसा का बसतो? प्रत्येक जलशाची सुरुवात 'इक्रा' या शब्दाने होते. वाच, हा पहिला आदेश, असे मौलवीसाहेबही सांगतात आणि नगरसेवकही सांगतात. टाळ्या पडतात. मग लग्नाच्या हॉलवर लाखो उधळले जातात आणि मुलीच्या बसच्या पासासाठी पैसे नसतात.

ज्याच्याकडे थोडे पैसे आहेत, तो दोन गाळ्यांत भरणाऱ्या आणि दारावर 'डिजिटल' असा फ्लेक्स लावलेल्या इंग्रजी शाळेत मूल घालतो. तिथली शिक्षिका कोण, तिला पगार किती, ती किती महिने टिकते, हे विचारत नाही. सरकारी शाळेतल्या शिक्षकाला मात्र सारे नावे ठेवतात. त्याचे तरी काय चालले आहे, तेही आम्ही जवळून पाहिले. तो वर्गात उभा असतो आणि त्याचे डोळे मोबाईलवर असतात, कारण हजेरी, पोषण आहार, प्रशिक्षण, सगळ्याची माहिती आजच्या आज भरायची असते. शिवाय निवडणुकीचे काम. मुलांपर्यंत तंत्रज्ञान पोहोचण्याआधी त्याने शिक्षकालाच वर्गातून उचलून नेले आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारने तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवण्याचा बेत जाहीर केला. शिकवा. पण आधी तिसरीच्या वर्गात दिवसभर राहू शकेल असा शिक्षक द्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखली भागात महापालिकेची मोठी कारवाई झाली. भंगाराची गोदामे, पत्र्याच्या शेडा, छोटी वर्कशॉपे हजारोंनी जमीनदोस्त झाली. बांधकाम कायदेशीर की बेकायदेशीर, हा वाद येथे करीत नाही. पण शेडबरोबर बिऱ्हाड उठते आणि बिऱ्हाडाबरोबर मुलाची शाळा उठते. अशा मुलाला कोणती लिंक पाठवणार? त्याला हवा आहे नव्या वस्तीतल्या शाळेचा दाखल करून घेणारा मुख्याध्यापक. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे कलम आमच्या किती आईबापांना ठाऊक आहे? मोबाईलवर सगळे मिळते म्हणता ना, मग हेही मिळते. शोधून पाहा.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे आणि आमच्या मते खरी पर्यायी शाळा तिच्यात दडलेली आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे आमच्या अम्मीला, खालाला तिथे खुर्ची कायद्याने दिलेली आहे. ती रिकामी राहते, किंवा तिच्या नावासमोर दुसराच कुणी सही करतो. पालक शाळेत उतरले की काय होते, ते पाहायला परदेशी जायला नको. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत, लोकसहभागाच्या गटात, पहिल्या दहांत निवडली गेली. तिथे मुलेच एकमेकांची विषयमित्र होऊन शिकतात आणि गाव शाळेच्या पाठीशी उभे राहते. हा पर्याय सरकारी शाळेच्या आतला आहे. त्याला फी लागत नाही, फ्लेक्स लागत नाही. संध्याकाळच्या बैठकीला हजर राहणारे आईबाप लागतात.

१० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणामुळे माहेरी गेलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात फातिमाची आठवण आहे: तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाची. फातिमाबद्दल आम्ही भाषणे पुष्कळ करतो. आम्हाला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. सावित्रीबाई नव्हत्या, तेव्हा शाळा बंद पडली नाही, कारण तिथे दुसरी शिक्षिका होती.

त्या सातवीतल्या मुलीच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तिच्या अम्मीशी बोललो. हायस्कूलला त्याच गल्लीतल्या आणखी तीन मुली जातात, चौघी मिळून जातील, हे सांगितले. अब्बूंनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. म्हणाले, "जूनला बघू." जून यायला अजून अवकाश आहे. आम्ही तोवर तिसऱ्यांदा जाणार आहोत. फोन करून विचारता आले असते, पण काही कामे फोनवर होत नाहीत, हेच तर या लेखात सांगायचे होते.