रिव्हनची शाळा आणि सोपेपणाचे वकील

पडद्यावर नायक दिसत नाही, खेळणाऱ्याचे डोळे हेच नायकाचे डोळे असतात आणि पुढची वाट शस्त्राने नव्हे, उलगड्याने मोकळी होते, अशा संगणकीय खेळांना प्रथमपुरुषी कोडेखेळ म्हणता येईल. या प्रकाराला जगभर ओळख मिळवून दिली ‘मिस्ट’ने. रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकन भावांच्या ‘सायन’ या छोट्या कंपनीने तो १९९३ साली आणला. खेळाडू एका निर्मनुष्य बेटावर उतरतो; का आणि कशासाठी, हे कोणी सांगत नाही. मरण नाही, शत्रू नाहीत, गुण नाहीत, काळाचे बंधन नाही. खटके आहेत, दारे आहेत आणि अर्धवट जळालेली पुस्तके आहेत. खोक्यात सीडीबरोबर एक कोरी वही मिळे. खेळ काय मागणार आहे याची ती पुरेशी सूचना होती. १९९७ साली आलेला ‘रिव्हन’ हा त्याचा पुढचा भाग पाच सीडींवर मावला आणि कठीणपणात मिस्टच्या बराच पुढे गेला. २०१६ चा ‘द विटनेस’ आणि २०१९ चा ‘आउटर वाइल्ड्स’ हे याच कुळातले अलीकडचे खेळ.

या कुळाविरुद्ध एक मत अधूनमधून मांडले जाते, आणि हल्ली ते फारच आत्मविश्वासाने मांडले जाते. त्याचा पूर्वपक्ष असा: या खेळांतली कोडी म्हणजे निर्मात्याच्या मनात काय होते ते ओळखण्याची सक्ती, ती कथेच्या वाटेत आडवी टाकलेली असतात, कामधंदा करणाऱ्या माणसाला तासन्‌तास अडकून पडायला वेळ नाही, असे खेळ आवडतात असे म्हणणारे आपली हुशारी मिरवतात, आणि नाही तरी सगळी उत्तरे आयती मिळतात, मग कठीणपणाचे नाटक कशाला? निष्कर्ष असा की प्रत्येक कोड्याशेजारी ‘पुढे चला’ असे बटण असावे. म्हणजे सर्वांचे कल्याण होईल, आणि बहुधा कोडेही उरणार नाही.

पहिला आक्षेप सर्वात वजनदार मानला जातो, म्हणून आधी तोच घ्यावा. त्याच्या पुष्टीसाठी हमखास पुढे येणारे उदाहरण म्हणजे १९९९ च्या ‘गॅब्रिएल नाइट ३’ मधली मिशी. मित्राच्या नावावर मोटारसायकल भाड्याने मिळवायची म्हणून नायक मांजराचे केस गोळा करतो, ते पाकाने ओठावर चिकटवून मिशी बनवतो आणि मित्राला मिशीच नसल्यामुळे त्याच्या पासपोर्टवरच्या छायाचित्रातही पेनाने मिशी काढतो. हे कोडे हास्यास्पद आहे यात वाद नाही. पण तो खेळ प्रथमपुरुषी नव्हे. त्यात नायक समोर चालताना दिसतो, खिशात वस्तू भरतो आणि ही वस्तू त्या वस्तूवर लावून पाहतो. त्या परंपरेचे पाप या परंपरेच्या माथी मारणे सोयीचे असेल, प्रामाणिक नाही. मिस्टमध्ये तर वस्तू गोळा करणे जवळपास नाहीच. एका वेळी एखादे पान हातात धरता येते, एवढेच.

निर्मात्याच्या मनातले ओळखावे लागते की समोरच्या जगातले पाहावे लागते, हे ठरवायला रिव्हनमधली गावातली शाळा पुरते. रिव्हनवर गेन नावाच्या हुकूमशहाची सत्ता आहे; तो स्वतःला तिथल्या लोकांचा देव म्हणवतो. शाळा त्याने बांधलेली. तिथे मुलांसाठी एक लाकडी खेळणे ठेवले आहे: वर दोरीला लटकलेला माणूस, खाली आ वासलेला वार्क नावाचा जलचर. खटका दाबला की एक अपरिचित चिन्ह दिसते आणि माणूस काही घरे खाली सरकतो. जितकी घरे, तितका त्या चिन्हाचा अर्थ. दोन-चार वेळा दाबून पाहणाऱ्याला अंक कळू लागतात. खेळण्यात ते दहापर्यंतच येतात. पुढचे अंक खेळाडूने रचनेवरून काढायचे: एक ते चार यांच्या मूळ खुणा आहेत, खूण नव्वद अंशांत फिरवली की तिची किंमत पाचपट होते आणि दोन खुणा एकमेकींवर ठेवल्या की बेरीज होते. म्हणजे सात हवे असतील तर फिरवलेला एक आणि सरळ दोन एकाच चौकटीत. पंचवीस हा या पद्धतीचा पाया. हे कुठेही लिहिलेले नाही. पण ओळखता येणार नाही असेही त्यात काही नाही.

गंमत अशी की ज्याला नुसते अंक हवे होते त्याला बरोबरीने आणखी काही मिळालेले असते. गावाजवळच्या पाण्यावर तशीच एक खरी रचना उभी आहे. माणसांना वार्कच्या तोंडी देण्यासाठीची. मुलांना मोजायला शिकवताना त्यांना फाशीची सवय लावणारा राज्यकर्ता कसा असेल, हे सांगायला रिव्हनला एकही संवाद लागत नाही. ‘कोडी कथेच्या आड येतात’ असे म्हणणाऱ्यांनी या खोलीतून कोडे काढून दाखवावे आणि मग कथा किती उरते ते सांगावे. पूर्वपक्षाचा दुसरा आक्षेप असा पहिल्याच्या उत्तरातच निकालात निघतो.

तीच गोष्ट प्राण्यांची. बेटांवर ठिकठिकाणी लाकडी गोळे बसवलेले आहेत. गोळा फिरवला की एका प्राण्याचा आवाज येतो आणि मागच्या बाजूला अंक दिसतो. आवाजावरून प्राणी ओळखायचा, अंकावरून क्रम लावायचा आणि शेवटी पंचवीस दगडांच्या वर्तुळातून योग्य पाच दगड त्या क्रमाने दाबायचे. शाळेत अंक न शिकलेला इथे अडतो. रानात थांबून कान न दिलेलाही अडतो. दोघांनाही निर्मात्याचे मन वाचायचे नाही, मागे जाऊन नीट पाहायचे आहे. काही ठिकाणी उघडलेले दार मागे वळून बंद केल्यावरच त्याआड झाकलेली वाट दिसते. पूर्वपक्षाला ही फसवणूक वाटते. दार बंद करून पाहण्याची कल्पना सुचणे ही फारच अमानुष अपेक्षा असेल, तर मग हेरकथाही बंद कराव्या लागतील.

मराठी वाचकाला हा तंटा ओळखीचा वाटेल. नवकवितेच्या काळात दुर्बोधतेचा वाद असाच गाजला. तेव्हाही एका बाजूचे म्हणणे होते की कवीच्या मनातले ओळखण्याची जबाबदारी वाचकावर का. जे सांगायचे ते सरळ सांगावे. दुसऱ्या बाजूचे काही जण इतके पुढे गेले की न कळणे हेच थोरवीचे लक्षण ठरवू लागले. दोन्ही बाजूंनी एक भेद नजरेआड केला, आणि तोच भेद इथेही नजरेआड होतो: काही रचना कठीण असतात कारण त्यांत पुष्कळ काही ठेवलेले असते, आणि काही कठीण असतात कारण त्यांत असायला हवे ते ठेवलेले नसते. त्या वादात ज्या कवितांची सर्वाधिक टिंगल झाली, त्यांतल्या कित्येक पुढे पाठ्यपुस्तकांत आल्या. टिंगल करणाऱ्यांच्या सुबोध कवितांचे काय झाले, हा वेगळा विषय आहे.

हाच भेद लावला तर काही कोडी दोषीही ठरतात, आणि ती दोषी ठरवायला हवीत. मिस्टमधल्या वेगवेगळ्या जगांना ‘युगे’ म्हणतात; त्यांतल्या सेलेनिटिक युगात जमिनीखाली एक चक्रव्यूह आहे. गाडीत बसून प्रत्येक फाट्यावर वाजणाऱ्या आवाजावरून दिशा निवडायची. कोणता आवाज कोणत्या दिशेचा, हे दुसऱ्याच युगातल्या फिरत्या किल्ल्यात कळते. युगे मात्र कोणत्याही क्रमाने पाहता येतात. जो आधी चक्रव्यूहात शिरला त्याच्यासाठी ते आवाज म्हणजे निव्वळ गोंगाट. रिव्हनमध्ये पंचवीस गुणिले पंचवीस चौकटींच्या जाळीवर रंगीत गोट्या ठेवायच्या असतात. त्यातल्या एका रंगाचा पुरावा देणारा दिवाच बंद आहे, आणि मांडणी चुकली तर कोणती गोटी चुकली हे यंत्र सांगत नाही. हा खोडसाळपणा आहे. बेट बदलताना सीडी बदलावी लागे, तो तर कोड्याचा भागही नव्हता. पण पूर्वपक्ष अशा नेमक्या जागा दाखवत नाही. त्यासाठी खेळ खेळावा लागतो.

उरलेले आक्षेप लवकर आटोपतात. वेळ नसल्याची तक्रार दीडशे भागांच्या मालिका एका दमात पाहणारेही करतात. हुशारी मिरवण्याचा आरोप करताना हे विसरले जाते की मिस्टच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत तो सर्वाधिक खपाचा पीसी गेम होता, एवढ्या प्रतींची मिरवणूक काढायला रस्ता पुरणार नाही. त्यातल्या किती जणांनी तो पूर्ण केला हा प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट राहिलेली पुस्तकेही लोक अभिमानाने कपाटात ठेवतातच. आयत्या उत्तरांचे म्हणाल तर त्यात नवे काही नाही. १९८० च्या दशकात शब्दांतून खेळायच्या साहसखेळांसाठी अदृश्य शाईतल्या सूचनांच्या पुस्तिका विकल्या जात. खास पेन फिरवला की उत्तर उमटे. १९९३ च्याच ‘द सेव्हन्थ गेस्ट’मध्ये वाड्यातल्या ग्रंथालयात एक पुस्तक होते, ते पुन्हा पुन्हा उघडले की कोडे स्वतःच सोडवून टाके. त्या वाड्यातली कोडी होती आठ वजिरांची, केकच्या तुकड्यांची. भुताच्या वाड्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, त्यामुळे ती वगळून फारसे बिघडतही नसे. ‘पुढे चला’चे बटण जिथे चालते, तिथे ते तीस वर्षांपूर्वीच बसवून झाले आहे. गाईड वाचून परीक्षा देणाऱ्याला कोणी अडवलेले नाही. अख्खा अभ्यासक्रमच गाईडच्या आकाराचा करा, हा आग्रह तेवढा नको.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो पूर्वपक्षाने केलेलाच नाही. ज्यांना ऐकू येत नाही किंवा काही रंग वेगळे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी ध्वनीची आणि रंगांची कोडी कठीण नव्हेत, बंद असतात. द विटनेसमध्ये दोन्ही प्रकारची आहेत. तिथे निर्मात्यांनी पर्यायी खुणा द्यायला हव्यात.

आता मंडन. या खेळांत खेळाडू जे मिळवतो ते केवळ ज्ञान असते. मिस्टमध्ये शेवटची दारे उघडणारी शेकोटीतली आकृती ग्रंथालयातल्या एका पुस्तकात पहिल्यापासून उपलब्ध असते. कोणते पान पाहायचे हे माहीत असलेला माणूस बेट न सोडता काही मिनिटांत खेळ संपवतो. आउटर वाइल्ड्समध्ये बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळे पुन्हा सुरू होते. त्या आवर्तनातून टिकून राहते ती फक्त खेळाडूला कळलेली गोष्ट. द विटनेसमधल्या पाचशेहून अधिक पाट्यांवर नियमाचे एकही वाक्य नाही. आधीची पाटी पुढच्या पाटीचा नियम शिकवते. नायक बलवान होत नाही, त्याची तलवार वाढत नाही. बदलतो तो खुर्चीत बसलेला माणूस, आणि दृष्टी प्रथमपुरुषी असल्यामुळे त्या दोघांत तिसरा कोणी नसतो. अडकलेला वेळ या शिक्षणाचा भाग आहे. तो कापला तर हाती नुसती उत्तरे राहतात, आणि ती एकाच खेळापुरती कामाची असतात.

२०२४ मध्ये सायनने रिव्हन नव्याने बांधून प्रसिद्ध केला. आता त्यात सलग चालत फिरता येते आणि गोट्यांच्या कोड्यासह बरीच कोडी बदलली आहेत. गेनचे अंक मात्र त्यातही शिकावेच लागतात.