विश्वास आणि विश्वस्त

ख्रिस्ती मिशनांच्या ऐक्याविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा धर्मशास्त्राच्या अंगाने. आम्हाला हा प्रश्न मुळात भाषेचा वाटतो, म्हणून तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे ठेवावासा वाटतो.

रायगडचा किनारा पाहावा. कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई आहे. १७४० साली चौल मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज सत्ता गेली. कोर्लईतील कॅथलिक वस्ती मात्र राहिली आणि पोर्तुगीज-मराठीच्या संसर्गातून घडलेली तिची 'नो लिंग' ही बोलीही राहिली. दक्षिणेस सावित्रीच्या मुखाशी जिल्ह्याची हद्द संपते. तेथे पैलतीरावर बाणकोट. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी तेथे येऊन राहिले. दोन खाड्यांमधल्या या किनाऱ्याला असे दोन ख्रिस्ती प्रवाह लाभले, पण त्यांचे शब्द वेगळे राहिले. मराठी कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात, प्रॉटेस्टंट 'बाप्तिस्मा'; एकांची 'मिस्सा', दुसऱ्यांची 'उपासना'.

प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसांतला तंटा टाळण्यासाठी मुलूख वाटून घेतला. तेव्हाचे अहमदनगर अमेरिकन मराठी मिशनकडे, कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे, नागपूर स्कॉटिश मिशनकडे. तंटा टळला, पण ती बांध घालून राखलेली शांतता होती. माणसाचा पंथ त्याच्या गावावरून ठरू लागला. कॅथलिकांचे घर तरी एकसंध होते असे नाही. मुंबईत पोर्तुगालच्या राजाश्रयाखालील चर्चे आणि थेट रोमच्या अधिकाराखालील चर्चे असा दुहेरी कारभार १९२८ पर्यंत चालला.

याउलट जेथे एकत्र लिहावे लागले तेथे विश्वास निर्माण झालेला दिसतो. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी स्कॉटिश फ्री चर्चचे. पण बायबल सोसायटी आणि ट्रॅक्ट सोसायटी या अनेक मिशनांच्या सामाईक संस्थांसाठी त्यांनी लेखन-संशोधनाचे काम केले. आपण योजलेला शब्द दुसऱ्या पंथाच्या माणसाने खोडावा आणि आपण तो मुकाट्याने बदलावा, यात जी नम्रता लागते तिलाच आम्ही विश्वास म्हणतो.

ठरावांनी तेवढे साधत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. वाटाघाटींत दीर्घकाळ सहभागी असलेले दक्षिण आशियातील मेथडिस्ट चर्च ऐनवेळी बाहेर राहिले. पुढे गुजरातेतील ब्रदरेन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने विश्वस्त संस्थेची मालमत्ता हस्तांतरित होत नाही, त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याची प्रक्रिया पाळावीच लागते, असा निर्णय २०१३ साली झाला. 'विश्वास' आणि 'विश्वस्त' एकाच धातूतून आले. व्यवहारात त्यांची अशी फारकत झाली.

मोठ्या संस्थेत आपण विरघळून जाऊ, हे लहान मंडळ्यांचे भय आम्हाला खोटे वाटत नाही. त्यांच्या जमिनी, त्यांच्या शाळा त्यांच्याकडेच असाव्यात. म्हणूनच सहकार्याचा आरंभ मालमत्तेपासून करू नये. जे कोणाच्याच मालकीचे नाही तेथून करावा. मराठी तशी आहे. कोर्लईच्या चर्चमध्येही १९६० च्या दशकात पोर्तुगीजची जागा मराठीने घेतली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' (२०१०) हे एका कॅथलिक धर्मगुरूने केलेले काम, पण त्याच्या वाचकाला कोणी पंथ विचारला नाही.

आमची मागणी लहान आहे. दोन्ही परंपरांच्या जाणकारांनी एकत्र बसून प्रभूच्या प्रार्थनेचा एक सामाईक मराठी पाठ सिद्ध करावा. त्या काही ओळींसाठी कोणाला आपला एखादा लाडका शब्द सोडावा लागेल. तो सुटला, तर पुढचे बोलणे सोपे जाईल. आणि तेवढाही सुटत नसेल, तर ऐक्याच्या परिषदा भरवून काय साधणार?