सही एकाची, वेळ दोघांचा

विदर्भातील नागपूर आणि अहिल्यानगरजवळचे नागापूर यांच्यात लिहिताना फक्त एका कान्याचा फरक पडतो. पण पहिल्या गावी हिवाळी अधिवेशनात कायदे होतात आणि दुसऱ्या गावी ते कायदे माणसांच्या अंगावर पडतात. नगरहून मनमाडकडे जाताना सीना नदीचा पूल ओलांडला की नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. पाळी बदलण्याच्या वेळी या रस्त्यावर डबे घेतलेल्या माणसांची जी रीघ लागते, तिच्यात शहरातले कामगार असतात, तसेच अवर्षणाने शेतीबाहेर ढकललेली आसपासच्या तालुक्यांतली तरुण मुलेही असतात. कायम कामगार त्यांच्यात थोडे, कंत्राटी फार. गेल्या वर्षी मंत्रालयात आणि दिल्लीत जे घडले त्याची कसोटी याच रस्त्यावर लागणार आहे.

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. जादा कामाची मर्यादाही तिमाहीला ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले. पुढे २१ नोव्हेंबरला केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. हेच मंत्रिमंडळ त्याच वर्षी मे महिन्यात जामखेड तालुक्यातील चौंडीस, अहिल्याबाई होळकरांच्या जन्मगावी, त्यांच्या त्रिशताब्दीनिमित्त बैठकीला बसले होते. ज्या स्त्रीचे नाव जिल्ह्याला दिले, तिच्या जिल्ह्यातील कामगार स्त्रियांना हे बारा तास कोठून काढून द्यावे लागतील, हा विचार मात्र पुढे कोणाला सुचलेला दिसत नाही.

सरकारचा खुलासा ठरलेला आहे : गुंतवणूक येईल, जादा कामाचा मोबदला मिळेल, आणि कामगाराची लेखी संमती घेतल्याशिवाय जादा काम दिले जाणार नाही. यांतील संमतीच्या मुद्द्याकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. ठेकेदाराच्या रजिस्टरात ज्याचे नाव आज आहे आणि उद्या नसू शकते, त्याच्यापुढे ठेवलेला संमतीचा कागद हा हुकुमाचाच कागद असतो, हे निराळे सांगायला नको. परंतु प्रश्न एवढ्यावर संपत नाही. समजा, कामगाराने स्वखुशीने सही केली. पुष्कळजण करतीलही, कारण आठ तासांच्या मजुरीत खोलीचे भाडे, मुलांची फी आणि मोटारसायकलचा हप्ता भागत नाही. तरीही ती सही एकट्या त्याच्या वेळेची नसते. बारा तास कारखान्यात आणि जाण्यायेण्याचे दोन तास रस्त्यावर गेले, की घरी उरतो तो झोपेपुरता माणूस. नळाला पाणी येण्याची वेळ, रेशनची रांग, मुलाचा ताप, सासूचे औषध हे सारे ज्या बाईच्या माथी येते, तिची संमती कोणत्याही कागदावर घेतलेली नसते.

केंद्र सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीने हे आकड्यांत मांडले आहे. बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. कारखान्याचा दिवस वाढला की ही ८८ मिनिटेही पुसली जातील आणि त्यांचा बोजा २८९ मध्ये मिळवला जाईल. बाई स्वतःच कामगार असेल, तर तो बोजा थोरल्या मुलीवर जाईल, आणि त्या मुलीची शाळा सुटेल. हा खर्च कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात येत नाही, म्हणून तो नाही असे धरले जाते.

कामाचे तास हा केवळ कारखान्याचा प्रश्न नव्हे, ही जाण महाराष्ट्रात नवी नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले तेव्हा रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. रविवार मिळायला १८९० उजाडावे लागले. माणसाला मजुरीखेरीजही आयुष्य आहे, ही मान्यता त्या मागणीत होती. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना आलेल्या विधेयकातून १९४६ साली आठवड्याचे ४८ तास कायद्यात आले. डॉ. लोहियांनी चूल आणि पाणी हे राजकारणाचे प्रश्न मानले. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायकांनी महागाईविरुद्ध लाटणे हाती घेऊन स्वयंपाकघर रस्त्यावर आणले. या दोन परंपरा, गिरणीची आणि चुलीची, एकमेकींना पुरेशा भेटल्या नाहीत, हे चळवळीचे दुबळेपण होय. त्यांची गाठ घालण्याची वेळ आता आली आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. आठ तासांच्या कामात घर चालेल इतके वेतन मिळाले पाहिजे; तसे मिळाले तर जादा कामासाठी ‘स्वखुशीने’ सही करणारे किती उरतात ते दिसेलच. सामाजिक सुरक्षा संहितेने ५० कामगारांच्या आस्थापनेस पाळणाघराची सोय सांगितली आहे आणि अनेक आस्थापनांना मिळून सामाईक पाळणाघर काढण्याची मुभाही ठेवली आहे. नागापूरसारख्या वसाहतीत, जिथे लहान लहान कारखाने भिंतीला भिंत लावून उभे आहेत, तिथे या कलमाचा आग्रह धरणे सर्वथा शक्य आहे.

मात्र हे काम केवळ कारखान्याच्या फाटकावरील सभांनी होणार नाही. फाटकावर पुरुष भेटतात. ज्यांचा वेळ खर्ची पडतो त्या बायका बोल्हेगाव-नागापूरच्या खोल्यांतून भेटतात, आणि त्याही दुपारच्या दोन कामांच्या मधल्या तासाभरात. सभेची वेळ त्यांच्या सोयीने ठरली पाहिजे. आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरी तपासून पाहावी. रात्री उशिरापर्यंत कामगारांच्या हक्कांची चर्चा चालते तेव्हा आतून चहाचे कप येत राहतात. ते ठेवणाऱ्या बाईच्या दिवसाचे तास कोण मोजतो? आठ तासांच्या दिवसाचा आग्रह बाहेर धरणाऱ्याने तो उंबरठ्याच्या आतही मानला, तरच नागापूरच्या खोलीतील बाई त्याचे म्हणणे खरे धरील. तिने ते खरे धरले, की संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तिच्या घरात दोघांचा विचार होईल, आणि असा विचार शंभर घरांत झाला की तो कागद एकट्याने सही करायचा राहणार नाही.