खाणीतले काम संपलेले नाही

‘खाणीत आता भविष्य नाही, पोरांनी दुसरी वाट धरावी’ असे चंद्रपूर-वणी पट्ट्यात सर्रास ऐकू येते. पुराव्यादाखल कोल इंडियाचे आकडे पुढे केले जातात. आकडे खरेच आहेत. नव्वदच्या दशकात या कंपनीत सहा लाखांहून अधिक कामगार होते, आज सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. पण २०२४-२५ मध्ये तिने सुमारे ७८ कोटी टन कोळसा काढला, म्हणजे तेव्हाच्या जवळपास तिप्पट. मग हा कोळसा काढतो कोण?

काही काम यंत्रांनी खाल्ले, हे नाकारण्यात अर्थ नाही. भूमिगत खाणीत फावड्याने टब भरायला लोडरच्या टोळ्या लागत. आज ९५ टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघतो, तिथे त्या लागत नाहीत. पण कोल इंडियाच्या वेकोलि या इथल्या उपकंपनीच्या एखाद्या खुल्या खाणीच्या काठावर रात्रपाळीला उभे राहून पाहा. कोळशावरची माती आणि दगड, ज्याला खाणीत सगळे ओबी म्हणतात, वाहून नेणाऱ्या डंपरांची रांग तुटत नाही. त्यातले कितीतरी चालक ठेकेदाराचे. खाण तीच, धूळ तीच, धोकाही तोच. पण कंपनीच्या पटावर त्यांचे नाव नाही, म्हणून तुमच्या त्या आकड्यात ते नाहीत. कोळसा खाणींत ओबी काढण्याच्या कामावर कंत्राटी मजूर लावण्यास केंद्र सरकारने १९७५ मध्येच मनाई केली होती. पुढे तिला सवलतींची भोके पडत गेली. तेव्हा रोजगार आटला असे म्हणू नका. रोजगार राहिला; कायमस्वरूपी नोकरी, तिचा पगार आणि तिचे संरक्षण मात्र काढून घेतले गेले.

उरला ‘सौरऊर्जा आली, आता कोळसा संपणार’ हा मुद्दा. कोळसा कधीतरी मागे पडणारच. पण खाण बंद करायची म्हणजे फाटकाला कुलूप लावणे नव्हे. खड्डे भरणे, ओबीचे ढीग उतरते करून त्यांवर झाडे जगवणे, साचलेल्या पाण्याचा बंदोबस्त करणे, हे वर्षानुवर्षांचे काम आहे आणि त्यासाठी कंपन्यांना एस्क्रो खात्यात पैसा ठेवावाच लागतो. हे काम प्रकल्पग्रस्तांच्या आणि जुन्या खाण कामगारांच्या घरांतच गेले पाहिजे. २०१९ पासून भूमिगत खाणींतली तांत्रिक व देखरेखीची कामे आणि खुल्या खाणींतली रात्रपाळी स्त्रियांनाही खुली झाली आहे. मग ओव्हरमन, मायनिंग सरदार या देखरेखीच्या पदांच्या परीक्षांची तयारी गावागावांतल्या मुलींकडूनही का करून घेऊ नये?

कोळसा कामगारांच्या अकराव्या वेतन कराराची मुदत जून २०२६ पर्यंतची. पुढच्या करारासाठी वाटाघाटीला बसणाऱ्या संघटनांनी पगारवाढीच्या आधी दोन गोष्टी मागाव्यात: प्रत्येक खाणीतल्या कंत्राटी कामगारांची जाहीर मोजदाद आणि पुढच्या वीस वर्षांच्या भरतीचा लेखी आराखडा.