जिना मोकळा ठेवणे हीसुद्धा जयणाच



साध्वीजी गोचरीला येणार म्हटले की आपण जिना झाडून घेतो, चपलांचे स्टँड बाजूला सारतो. कारण त्या लिफ्ट वापरत नाहीत. आग लागली तर लिफ्ट आपल्यालाही वर्ज्यच. मग जिना एरवीही तसाच मोकळा असायला नको का?

पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना जीव दुखावणार नाही, हे पाहायचे. मुंगीसाठी आपण इतके जपतो. पण जुने कपाट, सायकल, रद्दीचे गठ्ठे जिन्यात ठेवताना धुरात चाचपडत उतरणारा माणूस डोळ्यांसमोर येत नाही. घरात मावत नाही म्हणून जिन्यात ठेवले, तर परिग्रह कमी झाला असे नाही; तो फक्त दाराबाहेर गेला.

९ मे २०१९ रोजी पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानाला आग लागली. दाराला बाहेरून कुलूप होते. आत झोपलेले पाच कामगार गेले. आपल्या कितीतरी घरांत दुकान-गोदामाचा धंदा आहे. रात्री आत कोणी झोपते का, आणि झोपत असेल तर त्याला आतून दार उघडता येते का, हे घरच्या बाईने आजच विचारावे. माल राखण्यासाठी माणूस कोंडणे ही हिंसाच आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यांतले बरेच जण शौचालयात धुराने गुदमरले. ज्वाळांच्या आधी धूर पोचतो. म्हणून जिन्याच्या अग्निरोधक दाराला दगड लावून ते उघडे ठेवू नये. धूर जिन्यात शिरतो. दार लोटलेले असावे, पण त्याला कुलूप नसावे.

महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे, त्यांनी दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा तपासून प्रमाणपत्र द्यायचे असते. मी वाणिज्य शाखेची. सोसायटीच्या सभेत ताळेबंद जसा मागतो, तसे हे प्रमाणपत्रही मागावे, असे मला वाटते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही संकटाच्या वेळी त्यांना इतरांइतकेच संरक्षण देतो. पण कागदावरचा हक्क चौथ्या मजल्यावरून कोणाला उतरवत नाही. त्यासाठी शेजारी लागतात.

प्रत्येक मजल्यावर कोणाचे गुडघे धरलेत, कोण वॉकरवर आहे, कोणाला ऐकू येत नाही, याची यादी करावी. त्यांना आधार देऊन खाली आणणारी दोन माणसे आधीच ठरवावीत. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि वीज गेली तरी जळणारा दिवा असावा. स्थानकात आणि मंगल कार्यालयात मागच्या दाराला खुर्च्यांची चळत लावू नये. पर्युषणात तिथे आठ-आठ उपवास केलेल्या वयस्क बायका बसलेल्या असतात.

काहींना हा खर्च वाटतो. पण जिन्यातले कपाट हलवायला पैसे लागत नाहीत. एकदा आपल्या मजल्यावरून तळापर्यंत जिन्याने उतरून बघा. जिथे अंग चोरून जावे लागेल, तिथूनच कामाला सुरुवात करा.